कार क्लबची वर्गणी: भांडण पाचशे रुपयांचं, प्रश्न हिशेबाचा

रविवारी सकाळी सहा-साडेसहाला एखाद्या पेट्रोल पंपाजवळ गाड्या जमतात. तिथून चोर्ला नाहीतर आंबोलीच्या वाटेला लागायचं, वाटेत मिसळ-चहा घ्यायचा, दुपारच्या जेवणाला घरी परतायचं. बेळगाव, निपाणी, चंदगड, कोल्हापूर ते थेट गोव्यापर्यंतच्या टापूत असे गाडीवाल्यांचे ग्रुप आता नवीन राहिलेले नाहीत. कुठे एकाच मॉडेलच्या गाड्यांचा ग्रुप, कुठे फोर बाय फोरवाल्यांचा, तर कुठे जुन्या फियाट-जीप सांभाळणाऱ्या शौकिनांचा. रांगेतल्या नंबरप्लेट बघितल्या तर केए-22 च्या मागे एमएच-09 आणि तिच्या मागे जीए. तीन राज्यांच्या गाड्या, पण गप्पा मराठीतच.

पहिलं वर्ष-दोन वर्षं सगळं गोडीगुलाबीत चालतं. मग एक दिवस कुणीतरी विषय काढतो, "वर्षाला पाचशे रुपये वर्गणी ठेवूया." तिथून पुढे जे होतं ते बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. अर्धे जण म्हणतात, "पैसे कशाला ओ, आपण दोस्तच की!" उरलेले अर्धे म्हणतात, "मग दरवेळी खिशातनं कोण घालणार?" दोन आठवड्यांत एकाचे दोन ग्रुप होतात आणि दोन्हीकडच्या गाड्यांवर स्टिकर मात्र जुनाच राहतो.

ज्याच्याकडे सात-आठ लाखांची गाडी आहे, त्याला पाचशे रुपये जड जात नाहीत. एवढे तर एका रविवारच्या पेट्रोलला सहज जातात. तरीही या रकमेवरून वर्षांची मैत्री तुटते, कारण वर्गणी आली की ग्रुपची जातकुळीच बदलते. काल जे चार मित्र होते ते आज पदाधिकारी होतात, आणि बाकीचे सदस्य. हा बदल आधी कुणी बोलून घेत नाही.

फुकटचा क्लब कोण चालवतो?

"आत्तापर्यंत फुकट चाललंच की" हा विरोधकांचा सगळ्यात आवडता मुद्दा. त्यात एक चूक आहे. क्लब फुकट चालत नसतो, दोघा-तिघांच्या खिशातून चालत असतो.

समजा साठ गाड्यांचा क्लब आहे आणि वर्षातून आठ सहली निघतात. प्रत्येक सहलीआधी कुणीतरी एकटा जाऊन रस्ता बघून येतो. घाटात काम चालू आहे का, पंधरा गाड्या लावायला जागा आहे का, हॉटेलवाला सकाळी सातला पन्नास माणसांचा नाश्ता देईल का, हे फोनवर कळत नाही. त्या एका फेरीचं पेट्रोल हजार-बाराशे धरलं तरी वर्षाचे आठ-नऊ हजार झाले. त्यात स्टिकर, बॅनर, प्रथमोपचाराची पेटी, टोइंगचा पट्टा, जम्पर केबल. चोर्ला घाटात मोबाइलची रेंज जाते-येते, म्हणून वॉकीटॉकीचे चार सेट. (446 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या कमी ताकदीच्या सेटना 2018 पासून परवाना लागत नाही, पण विकत तर घ्यावेच लागतात.) वर्षअखेर स्नेहसंमेलन घेतलं तर हॉलचं भाडं. सगळं मिळून वीस-पंचवीस हजारांवर आकडा सहज जातो, आणि तो दोन-तीन घरांतून जातो. त्या घरांतली माणसं पहिल्या वर्षी हौसेने देतात, दुसऱ्या वर्षी गप्प राहून देतात आणि तिसऱ्या वर्षी वर्गणीचा ठराव मांडतात. ठराव मांडताना मनातलं सगळं दुखणं एकदम बाहेर येतं. म्हणून तो ठरावासारखा वाटत नाही, तक्रारीसारखा वाटतो.

साठ जणांचे पाचशे म्हणजे तीस हजार. वरचा खर्च भागतो आणि थोडं शिल्लक राहतं.

वर्गणी नको असेल तर दुसरी वाट प्रायोजकाची. टायरवाला, ॲक्सेसरीजचं दुकान, शोरूम, विमा एजंट, निवडणूक जवळ आली असेल तर एखादे साहेब. टी-शर्ट ते देतात, नाश्ता ते देतात, बॅनरवर फोटोही त्यांचाच. यात बेकायदा काही नाही. पण एखाद्या सदस्याने "त्या सर्व्हिस सेंटरने माझ्या गाडीचं काम बिघडवलं" असं सांगायला सुरुवात केली आणि ते सर्व्हिस सेंटर टी-शर्टवर छापलेलं असलं, तर ॲडमिनचा हात 'डिलीट'कडे जातो. क्लबमध्ये येणारा माणूस खरं तर याच माहितीसाठी आलेला असतो: कुठला मेकॅनिक प्रामाणिक, कुठे पार्ट ओरिजनल मिळतो. ती माहिती खुली राहायला हवी असेल तर खर्च सदस्यांनीच उचलावा लागतो. वर्गणीच्या बाजूने बोलणारे पेट्रोल आणि बॅनर यांचेच हिशेब सांगत बसतात, आणि त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा तसाच राहून जातो.

फुकट म्हणजे कुणीतरी दुसरा देतो, हे बडोद्याच्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून मोफत वाचनालयांचं जाळं उभारायला घेतलं. वाचकाला ते फुकट होतं, कारण दरबार पैसे मोजत होता. इतर बहुतेक गावांतली मराठी वाचनालयं मात्र वर्गणी आणि अनामत यांवरच तगली.

विरोध करणारे चिकट नसतात

वर्गणीला नाही म्हणणाऱ्यांना 'पाचशे रुपये सुटत नाहीत' असं हिणवलं जातं. ते बरोबर नाही. त्यांच्या बोलण्यात तीन गोष्टी असतात, आणि तिन्ही खऱ्या आहेत.

पहिली, सगळ्यांच्या गाड्या सारख्या नसतात. कुणाची पंचवीस लाखांची एसयूव्ही, तर कुणाची वडिलांकडून आलेली मारुती 800. दुसऱ्याला क्लब आवडतो म्हणून तो येतो. कॉलेज संपवून नुकतीच सेकंडहँड गाडी घेतलेल्या पोराला पाचशे रुपये देणं जमतं, पण ते देताना 'हा क्लब आपल्यासाठी नाही' असं त्याला वाटू शकतं. आज पाचशे, उद्या दोन हजार आणि परवा पाचतारांकित हॉटेलातलं जेवण, ही भीती अगदीच खोटी नाही.

दुसरी गोष्ट सीमाभागातली. निपाणीचा सदस्य बेळगावच्या कार्यक्रमाला येतो, पण गोव्यातला माणूस वर्षात एकदा येतो आणि हैदराबादला नोकरीनिमित्त गेलेला तर दिवाळीलाच. वर्षात एकदा येणाऱ्याने आठ सहलींची वर्गणी का भरायची?

तिसरी, आणि सगळ्यात खोल: "पैसे दिले की हिशेब विचारावा लागतो, आणि मित्राला हिशेब कसा विचारायचा?" गणेशोत्सवाच्या मंडळात वाढलेल्या माणसाला हे चांगलं ठाऊक असतं. पावती फाडणारा पोरगा गल्लीतलाच असतो. विसर्जन झाल्यावर फलकावर जमाखर्च लागला तर पुढच्या वर्षी वर्गणी वाढते. तो लागला नाही तर कुणी भांडत नाही, फक्त पुढच्या वर्षी दार उघडायला उशीर लागतो.

खरी मेख इथेच आहे. पैसे जमा होतात एकाच्या वैयक्तिक खात्यात, त्याच्या यूपीआय क्रमांकावर. त्याच खात्यातून त्याचा घराचा हप्ता जातो, मुलांची फी जाते. माणूस सरळ असला तरी सहा महिन्यांनी 'क्लबचे किती आणि माझे किती' हे त्यालाच सांगता येत नाही. उद्या आयकर खात्याने विचारलं तर उत्तर त्यालाच द्यायचं, आणि उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर ते पैसे कायद्याने त्याच्या वारसांचे दिसतात. भांडण नको म्हणून ज्याने पुढे होऊन खातं दिलं, तोच भांडणात सापडतो.

कायदा काय म्हणतो

नोंदणी न करता वर्गणी गोळा करणं हा गुन्हा नाही. पण नोंदणीशिवाय क्लब ही कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती होत नाही. त्याच्या नावाने बँकेत खातं काढायला गेलं की अडचणी सुरू होतात. नोंदणी नसलेल्या मंडळाचं खातं उघडण्याची सोय नियमांत आहे. त्यासाठी समितीचा ठराव आणि पॅन वगैरे कागद लागतात. पण शाखेतले साहेब बहुतेकदा नोंदणीचं प्रमाणपत्रच मागतात.

नोंदणी करायची तर साधा मार्ग सोसायटीचा, आणि इथे राज्याची सीमा आड येते. कर्नाटकात 1960 चा स्वतंत्र संस्था नोंदणी कायदा आहे आणि तो सहकार खात्यामार्फत चालतो. गोव्यात अजून 1860 चा मूळ कायदा लागू आहे. महाराष्ट्रात तोच 1860 चा कायदा, पण सोबत 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद करावी लागते. गुजरातेत, म्हणजे बडोद्यातही, तीच दुहेरी रीत. इंदूर-ग्वाल्हेरसाठी मध्य प्रदेशचा 1973 चा कायदा, हैदराबादसाठी 2001 चा. क्लबच्या कार्यालयाचा पत्ता ज्या राज्यात, त्या राज्याचा कायदा लागतो. सदस्य मात्र कुठलेही असू शकतात. त्यामुळे 'बेळगावात नोंदवला तर चंदगडवाले बाहेर पडतील' ही शंका निराधार आहे. पत्ता कुठला द्यायचा हा मानापमानाचा विषय होतो, ते वेगळं.

1860 च्या कायद्यात या वादावर आयतं उत्तर देणारी दोन कलमं आहेत. पंधराव्या कलमानुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे, त्याला संस्थेच्या कामकाजात मत देता येत नाही आणि सदस्य म्हणून तो मोजलाही जात नाही. चौदाव्या कलमानुसार संस्था बंद झाली तर उरलेले पैसे सदस्यांनी वाटून घ्यायचे नाहीत, ते दुसऱ्या एखाद्या संस्थेला द्यायचे. 'क्लब मोडला तर माझे परत द्या' म्हणणाऱ्याला हे आधीच सांगितलेलं बरं. नोंदणी नसलेल्या ग्रुपवर ही कलमं लागू होत नाहीत, पण आपल्या नियमांत तशी वाक्यं लिहून घ्यायला कुणाची आडकाठी नाही.

जीएसटीची भीती घालणाराही प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो. सभासदांकडून क्लबने घेतलेल्या पैशांवर कर लागतो की नाही, हा वाद मोठ्या क्लबांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. 2019 मध्ये कलकत्ता क्लबच्या प्रकरणात निकाल क्लबच्या बाजूने लागला. मग 2021 मध्ये सरकारने कायदाच बदलला, तोही 2017 पासून लागू होईल असा. साठ गाड्यांच्या क्लबने यात डोकं घालायचं कारण नाही. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा साधारणपणे वर्षाला वीस लाखांची आहे. इथे जमणार तीस हजार.

"पैसे घेतलेत ना, मग बघा"

वर्गणी घेतल्यावर अपेक्षा बदलतात, आणि पदाधिकाऱ्यांना याचा अंदाज नसतो. फुकटच्या ग्रुपमध्ये गाडी घाटात बंद पडली तर जो थांबला तो देवमाणूस. वर्गणीच्या क्लबमध्ये तीच गाडी बंद पडली तर "क्लबने काय केलं?"

ब्रिटनमधल्या ऑटोमोबाइल असोसिएशनचा किस्सा इथे आठवतो. 1905 मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचे स्वयंसेवक सायकलवरून फिरत आणि वेग मोजायला लपून बसलेल्या पोलिसांची खबर मोटारवाल्यांना देत. पुढे न्यायालयाने अशा खबरी देण्यावर बोट ठेवलं, तेव्हा त्यांनी शक्कल काढली. संस्थेचा बिल्ला लावलेली गाडी दिसली की स्वयंसेवकाने सलाम ठोकायचा, आणि सलाम ठोकला नाही तर पुढे पोलीस आहेत असं समजायचं. बिल्ला नसलेल्याला सलामही नाही आणि खबरही नाही. वर्गणीच्या बदल्यात काय मिळतं, हे एवढं स्वच्छ नंतर क्वचितच कुठल्या क्लबला सांगता आलं असेल.

इकडच्या क्लबने सदस्याला काय मिळत नाही, हेही सांगायला हवं. 'क्लबचं कार्ड असलं की गाडीच्या विम्यात सूट' हे अर्धंच खरं आहे. मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकात खासगी गाडीला अशी सूट होती: स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पाच टक्के, पण जास्तीत जास्त दोनशे रुपये. तीही मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सदस्यांना, जशी मुंबईची 1919 पासूनची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन. गावच्या क्लबच्या कार्डावर ती मिळत नाही. सदस्य जमवायला कुणी हे आश्वासन देत असेल तर त्याला तिथेच थांबवावं.

विम्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. खासगी गाडीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' नावाचा एक परिच्छेद असतो, तो फारसा कुणी वाचत नाही. आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल आणि भाड्याने वापर या गोष्टी त्यात वगळलेल्या आहेत. मिसळ खायला पंधरा गाड्या रांगेने गेल्या तर ती शर्यत होत नाही. पण वर्गणीतून ट्रॉफी आणली आणि 'घाट सगळ्यात आधी कोण उतरतो' असं ठेवलं, तर वाटेत अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करू शकते. शिवाय राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा वेळी वर्गणीची पावती हाच 'आयोजक कोण' याचा पुरावा ठरतो. क्लबच्या व्हॅनमधून सीटमागे पैसे घेऊन पाहुणे नेणं हाही असाच घोळ.

मग ठेवायची का वर्गणी?

ठेवावी, पण सगळ्यावर नाही. क्लबमध्ये दोन वेगळ्या गोष्टी चालतात, त्या आधी सुट्या कराव्या लागतात.

एक म्हणजे माहिती आणि अडल्या-नडल्याला मदत. सीमाभागात याची किंमत मोठी आहे. कोल्हापूर पासिंगची गाडी बेळगावात किती दिवस चालते, हा प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी विचारतोच. कायद्याचं कलम 47 सांगतं की दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नवीन नंबर घ्यावा लागतो. रोड टॅक्सचा हिशेब आणि आधीच्या आरटीओची एनओसी ही पुढची यातायात. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 मध्ये आलेले व्हिंटेजचे नियमही असेच. नोंदणीला वीस हजार रुपये, ती दहा वर्षांसाठी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, आणि गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. ही माहिती देणारा सदस्य पैसे मागत नाही, त्यामुळे क्लबनेही त्यावर पैसे घेऊ नयेत. वर्गणी न भरणाऱ्याला ग्रुपमधून काढून टाकणं ही म्हणूनच सगळ्यात मोठी चूक. त्याच्यासोबत त्याला ठाऊक असलेला मेकॅनिकही जातो.

दुसरी गोष्ट कार्यक्रम, सामान आणि निर्णय. याचा खर्च असतो, तो वर्गणीतून व्हावा आणि ज्यांनी वर्गणी भरली त्यांनी ठरवावं. सहलीचं जेवण-नाश्ता मात्र टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी. नाश्ता वर्गणीत घातला की न आलेले कुरकुरतात आणि आलेले दोन प्लेट जास्त मागवतात. लांबून वर्षात एकदा येणाऱ्यासाठी अर्धी वर्गणी किंवा त्या सहलीपुरते पैसे, हे आधी लिहून ठेवलं की गोवेकराला अवघड वाटत नाही. गाडीच्या किमतीवरून वर्गणी कमी-जास्त करण्याची सूचना कुणीतरी हमखास करतो. ती ऐकायला न्याय्य वाटते, पण तिच्यातून 'आमची वर्गणी जास्त, आमचं मत जास्त' निघायला वेळ लागत नाही.

संस्थापकांना कायमची माफी हा आणखी एक सापळा. "आम्ही सुरू केला क्लब, आम्ही कशाला भरू?" ज्यांनी पहिली दोन वर्षं खिशातून खर्च केला त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. त्यांना ते पैसे बिलं बघून एकदा परत द्यावेत. पण वर्गणी त्यांनी सगळ्यांत आधी भरावी. अध्यक्षाच्या नावापुढे 'माफ' दिसलं की विसावा सदस्य पैसे काढत नाही.

आजीव सदस्यत्वाचा मोह तर आपल्या संस्थांना फार जुना. एकदम पाच हजार घ्यायचे, कटकट संपली. सहा टक्के व्याजाने त्या पाच हजारांचे वर्षाला तीनशे मिळतात. आज वर्गणी पाचशे असली तरी दहा वर्षांनी ती हजार असेल, आणि तेव्हाही आजीव सदस्याचे तीनशेच. त्यातही ते पाच हजार ठेवीत राहिले तर, पहिल्याच वर्षी बॅनरला गेले तर तेही नाहीत. कितीतरी वाचनालयांनी आणि मंडळांनी कधीकाळी एकशे एक रुपयात आजीव सदस्य केले, आणि आज वार्षिक सभेत सगळ्यात लांब भाषणं तेच करतात.

हिशेबाचं म्हटलं तर साठ जणांच्या क्लबला ऑडिटरची गरज नाही, नोंदणी केली की मात्र ती येते. तोवर पैसे दोघांच्या संयुक्त खात्यात ठेवावेत, आणि त्या खात्यात दुसरा कुठलाही व्यवहार करू नये. दर तीन महिन्यांनी जमा किती, खर्च किती, शिल्लक किती अशा तीन ओळी आणि पासबुकाच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकावा. कुणी मागायच्या आत टाकावा. मागितल्यावर दिलेला तोच कागद खुलाशासारखा वाचला जातो. आणि पावतीवर एक ओळ छापून घ्यावी: ही वर्गणी एक एप्रिल ते एकतीस मार्चसाठी आहे आणि क्लबतर्फे रस्त्यावर कोणतीही शर्यत आयोजित केली जात नाही.

वर्गणीचा ठराव आणायचाच असेल तर तो ग्रुपवर टाइप करून टाकू नये. सहलीच्या दिवशी, मिसळ झाल्यावर, चहा येईपर्यंत तोंडी मांडावा.